सदतीसाव्या जागेची दुरुस्ती

मी, घड्याळजी, वय चौपन्न, शुद्धीत असून कोणाच्या दडपणाखाली नाही. फुप्फुसांचा फोटो दाखवताना डॉक्टरांनी माझ्याकडे बघणे टाळले, म्हणून हे मृत्युपत्र आजच स्वहस्ते लिहीत आहे.

१. राहते घर, दुकान व हत्यारे बायकोची.

२. मला सापडलेल्या एकशे बारा प्राचीन वस्तू (खापरे, मणी, दगडी पाती) नोंदींसह वस्तुसंग्रहालयाला द्याव्यात. पाटीवर ‘हौशी’ हा शब्द नको. तिथल्या साहेबांनी विचारले होते, “शिक्षण किती?” मी म्हणालो, “सातवी. पण तुमच्या कपाटातलं ते पातं उलटं मांडलंय.” पाते सरळ झाले, आभार राहिले.

३. जागांची वही पुतणीला. नदीच्या वळणावरची उंच बाजू, नांगरटीत दिसणारा राखेचा पट्टा, पीक उगाच खुरटते तिथे खाली भिंत, हे सारे त्यात आहे. मात्र वहीतली एकही जागा खरी नाही. चोरांच्या हाती पडू नये म्हणून प्रत्येक जागा मी दोनशे पावले खाली, नदीच्या प्रवाहाकडे सरकवून लिहिली. हे मी कोणालाच सांगितले नाही.

४. धाकट्या भावालाही नाही. अकरा वर्षांपूर्वी तो वही घेऊन दुकानात आला. “दादा, मी बघून आलो. तिथली माती कोरी वाटते रे, खापराचा तुकडाही नाही. सदतीसावी जागा नक्की हीच ना?”

तेव्हा खरे सांगायला एक वाक्य पुरले असते. मी भिंगातून डोळा न काढता म्हणालो, “माझ्या वहीत चूक नसते.”

तो पुन्हा गेला, खणू लागला. नदीने पोखरलेली दरड त्याच्या अंगावर आली, त्यातच तो दगावला.

लोक म्हणाले, त्याला माती वाचता येत नव्हती. मीही मान डोलावली. आता लिहून देतो: त्याने माती बरोबर वाचली होती. खोटी होती ती माझी वही.

५. खऱ्या जागी मी त्यानंतर गेलो नाही. पुतणीने जावे की नाही, ते तिने ठरवावे. काही सापडल्यास शोधणाऱ्याच्या रकान्यात तिच्या बाबाचे पूर्ण नाव लिहावे.

स्थळ: दुकान. दिनांक: सोळा, मंगळवार.
सही: घड्याळजी

साक्षीदार पहिला: शेजारचा शिंपी.

साक्षीदार दुसरा: इथे भावजयीची सही व्हायची होती. वाचूनच सही कर, असा माझाच आग्रह. चौथ्या कलमाशी ती थांबली. “अकरा वर्षं मी त्यांनाच बोल लावत आले, भाऊजी.” पेनाला टोपण लावून ते टेबलावर ठेवले आणि गेली. तिच्याऐवजी सही समोरच्या चांभाराची.