बाबाचा प्रश्न

प्रिय भाऊ,

तू गेल्याला वर्ष उलटून गेलं आणि मी पत्र आज लिहायला बसलोय. कुठल्या पत्त्यावर टाकणार, ते विचारू नकोस. बाबा धानाच्या रोवणीवर गेलाय, घरात मी एकटाच आहे. परवा नागभीडला आमच्या शाळेत विद्यापीठाचे ते दोन प्राध्यापक पुन्हा आले होते. कोरियातली लढाई थांबली म्हणजे नेमकं काय झालं, ते लोकांना समजावून सांगायला. ते ऐकून आल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

ते पहिल्यांदा आले होते ती गोष्ट तुला मी कधी लिहिलीच नाही. तेव्हा लढाई चालू होती आणि तू तिकडे, लष्कराच्या दवाखान्यात, जखमींना पट्ट्या बांधत होतास. आपल्याकडचा एक जवान तिथे आहे म्हणून आमच्या मुख्याध्यापकांनी हौसेनं नागपूरला लिहून त्यांना बोलावलं. फळ्यावर नकाशा मी काढला! चीन असा फुगला की जपानला जागाच उरली नाही, उजव्या कडेला कसाबसा कोंबला. नवा मास्तर मी, काय माझा तोरा!

बाबा धुतलेलं धोतर नेसून अगदी पुढे बसला होता. उंच प्राध्यापक म्हणाले, सुरुवात उत्तरेकडच्यांनी केली. चष्मेवाले म्हणाले, सुरुवात कुठून धरायची तेच आधी ठरवायला हवं. मग दोघांचं बराच वेळ चाललं. चीन आला, रशिया आला, अमेरिका आली. मी मान डोलवत होतो, पण खरं सांगू? कोण कोणाच्या बाजूनं, ते मला तेव्हाही उमगलं नाही आणि आजही नाही.

बाबा माझ्या कानाशी लागला. "अन् आपला सदा कोणाकडून हाय?"

"कोणाकडूनच लढत नाई बाबा तो. जखमी माणसं पाह्यते."

"मंग त्याले मारन कोण?"

मला ते इतकं पटलं म्हणून सांगू! खरंच, तुला कोण मारणार होतं?

शेवटी चष्मेवाले म्हणाले, आता दोन्ही बाजूंची तहाची बोलणी चालू आहेत, महिनोन्‌महिने चालू आहेत. बाबाचा चेहरा एकदम उजळला. आपल्या गावांमधली रीत तुला काय सांगायची? तलावाचा तंटा लागला की पंच बसायच्या आधी दोन्ही गावांची मासे धरायची जाळी पंचांपुढे येऊन पडतात, आणि बोलणं मिटेपर्यंत कोणी पाण्यात पाय घालत नाही. तूच नाही का, पंच बसलेले असताना झिंगे धरायला गुपचूप उतरला होतास? बाबानं तुझा कान धरून भर बैठकीत उभं केलं होतं. घरी आल्यावर तू मलाच दोन ठेवून दिल्यास, हसलो म्हणून.

बाबानं मला कोपरानं ढोसलं. "इचार ना त्याइले. जाळे बाहेर काढले का दोन्हीकडच्याइनं?"

भाऊ, मी उठलो नाही. मुख्याध्यापक शेजारी, तालुक्याचे वकील पुढे, आणि मी उभा राहून जाळ्यांचं विचारू? ढिवराचा पोरगा शेवटी जाळ्यावरच आला म्हणून हसले असते सगळे. मी म्हटलं, "मंग इचारतो, सभा झाल्यावर."

सभा झाली. मी प्राध्यापकांना चहा दिला, त्यांच्या हातावर पाणी घातलं, माझ्या नकाशाची तारीफ ऐकली. फाटकाजवळ बाबा उभा होता.

"इचारलं?"

"इचारलं."

"काय म्हणते?"

"काढले म्हणते."

का म्हणालो मी असं? खोटं बोललो, की मलाही तसंच वाटत होतं? बोलणी चालू आहेत म्हणजे मारामारी बंदच असणार, असं मी खरंच धरून चाललो होतो. की आता मनाची समजूत घालायला तसं म्हणतोय? दीड वर्ष झालं, मला माझंच कळत नाही.

त्याच आठवड्यात तुझं पत्र आलं. अर्ज केला तर परत पाठवतील, राहिलो तर बढती मिळेल, काय करू, बाबाला विचारून कळव. बाबानं क्षणभरही विचार केला नाही. "लिव्ह त्याले, राह म्हणा. आता लढाई कुठी हाय?" आणि मी लिहिलं. माझ्या अक्षरात, छान वळणदार. तू एवढा शहाणा, तिथे रोज रक्त पाहणारा, तू तरी का ऐकलंस रे आमचं? उलट टपाली एक ओळ लिहायची होतीस की, इथे अजून माणसं मरताहेत म्हणून! आम्हाला घोर लागू नये म्हणून नाही लिहिलंस ना?

मग कागद आला. कामावर असताना मृत्यू.

परवा मी उठलो. आपल्या बोलीत विचारलं, "बोलणी चालू होती तवा लढाई बंद होती का जी?" कोणी हसलं नाही. चष्मेवाल्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "नाही. बोलणी चालू असतानाच हजारो माणसं मेली. हे मागच्याच वेळी मी स्पष्ट सांगायला हवं होतं. कोणी विचारलंही नाही."

कोणी विचारलंही नाही!

बाबा यंदा आला नव्हता. तो आता कुठल्याच सभेला येत नाही. कोणी तुझा विषय काढला की एवढंच म्हणतो, "शिकल्या माणसाचं बोलणं मले समजलं नाई. अडाणी हावो मी, पोराले राह म्हटलं." आणि मी शेजारी बसून ऐकत असतो. त्या सगळ्या सभेत, वकील होते, मुख्याध्यापक होते, मी होतो, विचारण्यासारखं एकट्या बाबाला सुचलं होतं. आणि तोच स्वतःला अडाणी म्हणतोय.

लढाई का झाली, कोण जिंकलं, तू कोणाच्या गोळ्यानं गेलास, यातलं काहीच मला सांगता येणार नाही, भाऊ. पण एक गोष्ट मला पक्की ठाऊक आहे आणि ती फक्त मलाच ठाऊक आहे. आज बाबा चिखलाचे पाय धुऊन ओसरीवर टेकला की त्याला सांगेन, वचन देतो तुला. सांगेन की बाबा, तुले बरोबर समजलं होतं. तू इचार म्हटलं, अन् मी इचारलंच नाई.

मग त्यानं मला घराबाहेर काढलं तरी चालेल.

तुझा धाकटा,
वामन