लाल टोपीवाला आणि नरसाळी अळंबी

२६ ऑगस्ट

सुनिवाचं पुन्हा तेच! एका हातात तपकिरी चीज लावलेला पाव, दुसऱ्या हातात फोन, आणि फोनमध्ये तो लाल टोपीतला दाढीवाला जंगलात उभा. "काय मंडळी, निघायचं का टोपली घेऊन?" दर वेळी हीच सुरुवात. तेही दुप्पट वेगानं — चावी दिलेल्या माकडासारखा बोलतो तो. ओस्लोत एका खोलीत राहायचं म्हणजे हेही ऐकायचं. याला ही अभ्यास म्हणते!

परीक्षा आम्हा दोघींची एकच. पास झालो की रविवारी जंगलाच्या तोंडाशी अळंबी मंडळाच्या टेबलावर बसायचं. लोक भरलेल्या टोपल्या आणतात. आपण सांगायचं — ही खा, ही टाका. मी "खा" म्हटलं आणि चुकले तर? घरी कढईत लोणी, ताटाशी बसलेली मुलं... मी पुन्हा पुन्हा पान उघडून बघते. सुनिवा नाही बघत. "मास्तरीणबाई, श्वास घ्या जरा," म्हणते.

३० ऑगस्ट

मी शाळेत उशिरा गेले. तोवर गावी, कोंग्सविंगरच्या घरातलं स्वयंपाकघराचं टेबल हीच शाळा आणि बाबा हेच मास्तर. पद्धत ठरलेली. ओळीखाली बोट. मोठ्यानं वाच. पुस्तक मिट. आता सांग. अळंब्यांचं जाडं पुस्तकही असंच पाठ केलं, कॉफीच्या डागांसकट.

व्हिडिओत बोट कुठे ठेवणार? वाक्य कळलं नाही तर तो थांबतो का तुमच्यासाठी? तो पुढे पळतो, तुम्ही मान डोलावता, आणि वाटतं आपल्याला आलं. काही आलेलं नसतं! फक्त दुसऱ्या कुणाला तरी येतं, हे बघितलेलं असतं.

बाबांना हेच पत्रात लिहिलं. हल्ली ते उत्तर लिहीत नाहीत, फोन करतात. "पत्र आलं गं. पण तूच वाचून दाखव ना, तुझ्या आवाजात बरं वाटतं." कच्चा खर्डा माझ्याकडे होता, तो वाचला. लाड करून घेतल्यासारखं वाटलं.

७ सप्टेंबर

मंडळाची सराव-फेरी. ओडवार म्हणून म्हातारे परीक्षक आहेत, गुडघ्यापर्यंत बूट. मी शेवाळात बसून पान उघडलं तर म्हणाले, "पुस्तकाला वास येतो का?"

"पुस्तकात वासाचं वर्णन आहे," मी म्हटलं.

सुनिवा इतकी हसली की टोपली सांडली. मग लांबूनच ओरडत सुटली — ती बघ नरसाळी! ती बघ अजून एक! बरोबर होत्या सगळ्या. तुक्का! मी प्रत्येक उचलून बघितली: टोपी नरसाळ्यासारखी, दांडा पोकळ, खाली पात्यांसारखे पडदे नाहीत, नुसत्या वळ्या. मला वेळ लागला. लागू दे.

कारण त्याच शेवाळात तिची वैरीण उगवते — लांबून तिच्यासारखीच, पण टोकदार, गंजाच्या रंगाची, खाली खरे पडदे असलेली. खाल्ली की काही दिवस काहीच होत नाही. मग मूत्रपिंडं जातात. आपल्याकडे दर शरदात कुणीतरी नरसाळ्या ओंजळीनं खुडताना तिलाही खुडतंच. हे दुप्पट वेगानं शिकायचं?

१० सप्टेंबर

आज हद्द झाली. बाबा फोनवर म्हणतात, "तो लाल टोपीवाला बरा सांगतो गं."

बाबा! मी म्हटलं, "तुम्ही व्हिडिओ बघता? ते तर वाचायचा कंटाळा असणाऱ्यांचं काम."

त्यांनी विषय बदलला. "बाकी ओस्लोत पाऊस आहे का?"

सुनिवा पलीकडून ऐकत होती. "म्हाताऱ्याला करमणूकसुद्धा तुला विचारून करायची का?" माझी माणसंही फितूर व्हायला लागली तर बोलायचं कुणाशी?

१७ सप्टेंबर

पास! सुनिवाही पास. परीक्षा सोपी काढली असणार.

२१ सप्टेंबर

पहिला रविवार. सगळं नीट चाललं होतं. दुपारी रांगेत बघते तर बाबा! न कळवता, सकाळच्या गाडीनं, टोपली घेऊन. आमच्या घरामागच्या जंगलातून खुडलेल्या नरसाळ्या, काठोकाठ.

"तपासा, बाईसाहेब," म्हणाले. सगळे हसले. मला इतका अभिमान वाटला!

एकेक काढून ठेवत गेले. नरसाळी, नरसाळी, नरसाळी. मग गंजाचा रंग. उलटी केली. पडदे. खाली आणखी दोन.

नियम असा की एक सापडली की सगळी टोपली जाते. मी ती कचऱ्यात रिकामी केली आणि मग ओरडले — सगळ्या रांगेसमोर. "हेच शिकवतो का तुमचा लाल टोपीवाला? पुस्तक उघडलं असतं तर! रंगसुद्धा दिसला नाही?"

"दांडे चाचपले होते मी," ते हळूच म्हणाले. "सगळे पोकळ वाटले."

"चाचपले!" मी माझं पुस्तक त्यांच्यापुढे सरकवलं, वैरिणीचं पान काढून दिलं. "मोठ्यानं वाचा."

सुनिवा म्हणाली, "अगं, सोड ना." मी सोडलं नाही. बाबांनी ओळीखाली बोट ठेवलं आणि खडाखडा वाचलं: "ओल्या शेवाळात, पाइनच्या सावलीत... नाही, चुकलो, स्प्रूसच्या सावलीत, एकटी किंवा तिघी-चौघींत, हिला कधीही चाखून बघू नये." मग पुस्तक मिटलं, आणि पाठ म्हणावा तसं तेच पुन्हा सांगितलं. रांगेतल्या एका बाईनं टाळी वाजवली.

"बघा," मी म्हटलं, "वाचलं की येतं."

"हो गं पोरी," ते म्हणाले. सुनिवानं त्यांना हात धरून स्टेशनवर पोचवलं. हात कशाला धरायचा? नुसता दिखावा.

२२ सप्टेंबर

पान पुन्हा उघडलं. माझी आवृत्ती नवी, परीक्षेसाठी घेतलेली. हे पान सगळं नव्यानं लिहिलंय. "हिला कधीही चाखून बघू नये" हे वाक्य त्यात नाहीच. स्प्रूसची सावलीही नाही. ते सगळं घरच्या जुन्या पुस्तकात आहे, कॉफीच्या डागाशेजारी.

बाबांनी काल एक अक्षरही वाचलं नाही.

सुनिवाला विचारलं, "तुला कळलं होतं?" ती म्हणाली, "काल निघताना पायरी दिसली नाही त्यांना, म्हणून हात धरला."

मग मी विचारलं, फोनवर आवाज कसा भरतात. तिनं दाखवलं. वैरिणीचं पान पुढ्यात घेतलं, ओळीखाली बोट ठेवलं, आणि तीनदा सुरुवात करून पुसून टाकली.

"काय बाबा," म्हटलं शेवटी, "निघायचं का टोपली घेऊन?"