आईचा निळा ड्रेस आणि मी रंगवलेला बोर्ड

रविवार संध्याकाळ, कुळगाव

मित्रा, तू मला शहाणपणा शिकवू नकोस, राग येणारच. आईची आयुष्यातली पहिली क्रूझ, आणि ज्या गावासाठी तिने ती निवडली तिथलाच स्टॉप कॅन्सल. मेल आला, तिथल्या लोकांना आता जहाजं नकोत म्हणे.

त्या गावात फिरायला तिने कॅम्प चारच्या बाजारातल्या टेलरकडून निळा पंजाबी ड्रेस शिवून घेतलाय. जन्मभर साडी नेसलेली बाई.

मी चिडलो. "समजतात कोण स्वतःला? आपण काय त्यांचं गाव खाणार होतो?"

आई ड्रेसची घडी घालत म्हणाली, "आपल्या नदीवर पिकनिकवाल्यांसाठी बोर्ड कोणी रंगवला रे? 'बाहेरच्यांनी येऊ नये.' अक्षर तुझंच ना?"

माझंच. खाली सहीपण ठोकलीये. पण ते लोक बाटल्या फोडायचे, आम्ही तसे आहोत का? त्या गावाला हे कसं कळणार? मी तरी बोर्ड रंगवताना कुणाला विचारलं होतं?

दमलो यार.

आता आई तोच निळा ड्रेस घालून दारात उभी आहे. "चल, नदीपर्यंत तरी जाऊन येऊ."

वाटेत बोर्ड लागणार. तू काही बोलू नकोस. मी निघालो.