मन थांबलं तर

मूर्तिजापूर, मंगळवार, संध्याकाळ

आज माझ्या योगवर्गात भाजीवाल्या शांताबाई आल्या. उन्हाळ्यात त्यांची मुलगी तापाने गेली, तेव्हापासून झोप नाही. मी नेहमीचंच सांगितलं: आसनं ही नुसती सुरुवात, मनाची धाव थांबणं हाच खरा योग.

त्यांनी डोळे उघडले. "सर, मन थांबलं तं पोरगी बी जाईन काय मनातून?"

"दुःख शांत होईल," मी म्हणालो. मलाच पटलं नाही.

"मंग मले नाई पायजे शांती." त्या चपला घालून निघून गेल्या.

शांती नको! इतकी वर्षं शिकवतोय, हा प्रश्न मला कसा पडला नाही?

मघाशी ध्यानाला बसलो, तर गेलेली आई समोर आली. श्वासाकडे परतायला हवं होतं. परतलो नाही.