मोटारीतली मांडी

१ जानेवारी १९३५. अमरावती. सकाळी.

आजपासून राग बंद. पहाटे उठणे सुरू. (आज नऊ वाजले, पण आज पहिलाच दिवस.) कुंदाचा विचार दिवसातून एकदाच करायचा. सकाळी बसून एकदम उरकून टाकायचा.

तीच तारीख. दुपारी.

राग आला. पण कारण योग्य होते. बाबा म्हणाले, "कॉलेज सोडलंस, आता निदान माझ्याबरोबर पूजेला येऊन शंख तरी फुंक." बाबा उपाध्याय, त्यांना शंखापलीकडे सुचत नाही. मी कॉलेज सोडले ते तत्त्वासाठी. प्रोफेसर म्हणाले, मागच्या बाकावर जा. मागच्या बाकाच्या मागे दार होते, मी तिथून थेट बाहेर गेलो. माफीची चिठ्ठी येईल म्हणून काही दिवस नागपूरला थांबलोही. पत्ता चुकला असावा.

कुंदाचा विचार सकाळपासून चालू आहे. एकच आहे, पण लांब आहे.

४ जानेवारी.

समोरच्या मोरोपंत वकिलांनी नवी मोटार आणली! मोरोपंत म्हणजे कुंदाचे वडील. अख्खी राजापेठ बघायला लोटली. त्यांची जुनी मोटार उंच, उघडी, बैलांच्या दमणीसारखी. तिच्यात गादी टाकून, लोडाला टेकून, ऐसपैस मांडी घालून मोरोपंत कोर्टात जात. ही मात्र अगदी मॉडर्न. बॉडी स्ट्रीमलाइन, छत ठेंगणे, सीट मागे घसरती, वर गुळगुळीत रेक्झिन. मोरोपंत आत शिरले तर पगडी बाहेर राहिली. ती काढून हातात घेतली, तर मांडी बसेना. एक गुडघा ड्रायव्हरच्या पाठीत, दुसरा दाराच्या कडीवर. वळणावर कडी दबली, दार उघडले आणि वकीलसाहेबांच्या एका पायाने साऱ्या राजापेठेला दर्शन दिले.

ड्रायव्हर नत्थुजी ओरडला, "सायेब, पाय खाली सोडा ना बाप्पा! हे काय बैलगाडी हाय?"

दुसऱ्या फेरीला कुंदा गेली. परत आली ती पांढरीफटक. डोळे मिटलेले, नाकाशी लिंबू. माझ्याकडे पाहिले नाही. गर्दीत पाहणार तरी कशी? सगळे समजलो.

७ जानेवारी.

मोरोपंतांकडे गेलो. ते उभे राहून वर्तमानपत्र वाचत होते. चहाही उभ्यानेच घेतला. मी म्हणालो, "नव्या मोटारीची सीट त्रास देते वाटतं?" भडकले. "उत्तम सीट आहे! साऱ्या बाररूमला सांगून आलोय मी!" मीही भडकलो. (ठराव माहीत होता, पण विषय शास्त्राचा होता.) सांगितले की ही सीट पाय लोंबकळत ठेवणाऱ्या माणसासाठी केली आहे, वऱ्हाडी माणसासाठी नाही. ते म्हणाले, "चालता हो." मी चालता झालो. फाटकापाशी मागून हळूच हाक, "हरिहर, इकडे ये. याच्यावर काही इलाज आहे का रे?"

आयुष्याला दिशा सापडली. मोटारीत मांडी घालता येईल अशी बैठक मी करणार. मग पेटंट. मग कंपनी. मग मोरोपंत आपण होऊनच विचारतील.

१० जानेवारी.

मोरोपंतांच्या मांडीचे माप घेतले. अंगणात कागद पसरून त्यावर त्यांना बसवले आणि भोवती कोळशाने रेघ ओढली. ते उठल्यावर कागदावर जे उमटले ते पाहून कुंदा इतकी हसली की तिला खांब धरावा लागला. म्हणाली, "हरिदादा, हा तर आपल्या जिल्ह्याचा नकाशा!" मुलगी इतके मोकळे कुणासमोर हसते? 'दादा' म्हणते ते लोकांना संशय येऊ नये म्हणून. फार हुशार आहे.

१४ जानेवारी. संक्रांत.

कुंदाने तिळाची वडी दिली. मोठी होती. आज मन मोकळे करायचेच असे ठरवून गेलो आणि स्प्रिंगांविषयी बोललो. तासभर तरी. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "हरिदादा, सीट कशीही करा, मला मोटार थांबलेली असली की बरी वाटते."

मोटार थांबावी. वेळ थांबावा. आपण दोघे बोलत बसावे. यापेक्षा स्पष्ट मुलीच्या जातीने काय बोलायचे?

१९ जानेवारी.

गादी नंबर एक. वऱ्हाडात कापसाला तोटा नाही, त्यामुळे हात आखडला नाही. स्प्रिंगांवरच चढवली. मोरोपंतांची मांडी बसली! पण माणूस फूटभर वर गेला. बडनेऱ्याच्या रस्त्याला पहिला खड्डा आला तशी पगडी नाकापर्यंत उतरली. दुसऱ्या खड्ड्याला आतून जे शब्द आले ते वकिली नव्हते. नत्थुजी म्हणतो, "हरीभाऊ, वरून छताले भोक पाडा, सायबाचं डोकं बाहीर काढू. हवा बी लागन."

त्याच्याशी भांडलो. अडाणी.

२३ जानेवारी.

गादी नंबर दोन. स्प्रिंगा काढून टाकल्या, गादी सरळ तळावर. मांडी उत्कृष्ट. मात्र मोरोपंत एवढे खाली गेले की बाहेरून नुसती पगडी दिसते. कोर्टाच्या फाटकावर शिपायाने पगडीला सलाम केला, मग आत कुणी आहे का ते वाकून पाहिले. तरी मोरोपंत खूष. कोर्टात उभे राहायचे तेवढेच राहिले, घरी बसून जेवले.

माझे नाव त्या घरात आता आदराने घेतात. काकू, म्हणजे कुंदाच्या आई, म्हणाल्या, "हरिहर, रविवारी अकोल्याला जायचंय, तूही चल. वाटेत गादी सरकली तर?" कोण कोण म्हणून विचारले. मोरोपंत, काकू, कुंदा. आणि माझे बाबा!

कुंदाला घेऊन, माझ्या बाबांना घेऊन, मला घेऊन परगावी. अशा गोष्टी थोर माणसे आपल्या गावात बोलत नाहीत. बाबांना विचारले तर म्हणाले, "शुभ काम आहे, दाढी करून ये." घाईत हनुवटीला कापले.

२७ जानेवारी. अकोला. दुपारी, घाईत.

आलो. मी पुढे नत्थुजीजवळ, मागे बाकीचे. बोरगाव मंजूला गाडी थांबवावी लागली. कुंदा उतरून बाभळीआड गेली, परत आली तेव्हा डोळ्यांत पाणी. निर्णयाची घटका जवळ आली की असे व्हायचेच.

उतरलो ते एका तरुण डॉक्टरच्या घरी. तेव्हा उलगडा झाला. मोरोपंत पक्के वकील! मुलगी अलीकडे पांढरी पडते, म्हणून आधी तब्येत तपासून घेणार आणि मगच माझ्या हाती देणार. मी कोपऱ्यात बसून सगळी तपासणी पाहिली. डॉक्टरच्या आईने नाव विचारले, शिक्षण विचारले. दवाखान्यात हे आधी विचारतातच. मग चालून दाखवायला सांगितले. प्रवासाने पायाला मुंग्या आल्यात का ते पाहत असाव्यात. सुईत दोरा ओवायला लावला. दृष्टी. गाणे म्हणायला लावले. छाती. पुरणपोळी जमते का विचारले, ते बहुधा पथ्याविषयी. डॉक्टर स्वतः काही बोलला नाही, साधी नाडी पाहिली नाही. नुसता बघत राहिला. नवखा दिसतो.

मग त्याने माझी चौकशी केली. मोरोपंत म्हणाले, "हा आमच्या उपाध्यायांचा हरिहर. मोटारीतली गादी यानंच केली." मी बैठकीचे शास्त्र थोडक्यात सांगितले. चहा निवाला. डॉक्टर म्हणाला, "मला यातलं कळत नाही. मी आपला सायकलवर फिरतो." तोच कुंदा मान वर करून पटकन म्हणाली, "सायकल बरी!" सगळे हसले. गरिबाला बरे वाटावे म्हणून बोलली. काय हे अंतःकरण!

पेढे वाटले. म्हणजे काही आजार निघाला नाही. मी चार खाल्ले.

५ फेब्रुवारी.

मोरोपंतांच्या अंगणात सकाळपासून पिंजारी बसला आहे! धनुकलीचा टणत्कार घरापर्यंत येतो. जाऊन पाहतो तो कापसाचा डोंगर. गाद्याच गाद्या. मला न सांगता मोरोपंतांनी कंपनी सुरू केली! अचंबा दाखवायचा बेत असणार, म्हणून मीही काही कळल्याचे दाखवले नाही. काकू म्हणाल्या, "बरं झालं आलास. जरा कापूस उन्हात पसर." पसरला. पाच पोती पसरला. शेंडीपासून नखापर्यंत पांढरा झालो.

एकच शंका होती. गाद्या फार लांब आहेत. पिंजाऱ्याला म्हणालो, अरे, मोटारीत मावणार कशा? तो म्हणाला, "भैया, ये तो दो जने की है." दोघांची! म्हणजे मागच्या सीटसाठी. समाधान झाले. कुंदा ओटीवर बसून उशांच्या अभ्र्यांवर राघूमैना भरत होती. कंपनीचे चिन्ह. मला सुचले नसते.

१० फेब्रुवारी. सकाळी.

आज बोलणार. कंपनीला तिचे नाव द्यायचे ठरवले आहे. 'कुंदा कुशन.' कोट धोब्याकडून आणला.

तीच तारीख. नंतर.

कुंदा ओटीवर होती. नाव सांगितले. तिने भरतकाम बाजूला ठेवले. मग हळू म्हणाली, "हरिदादा, तुम्हाला खरंच कळलं नाही? त्या माझ्या लग्नाच्या गाद्या आहेत. अकोल्याचे डॉक्टर. तुमच्या बाबांनीच तर पत्रिका जुळवली."

मी म्हणालो, हो, हो, ठाऊक होते, गंमत केली. हसलो. हसता हसता ओटीवरून उतरताना पायरी नव्हती तिथे पाय टाकला.

घरी येऊन बाबांवर ओरडलो. बाबा म्हणाले, "अरे, तू समोर बसला होतास! पेढे खाल्लेस!"

११ फेब्रुवारी.

बेत. रंगूनला जाणार. लग्नाला जाणार नाही. त्या घराचे पाणी पिणार नाही. गादी नंबर दोन परत मागणार.

१२ फेब्रुवारी.

मागायची गरज पडली नाही. मोरोपंतांनी ती काढून मोटार-कंपनीच्या मूळ स्प्रिंगा पुन्हा बसवल्या. म्हणाले, "लग्नाचे पाहुणे येणार, मी दिसायला तर हवा ना रे!" आता पुन्हा उभ्याने चहा पितात.

२४ फेब्रुवारी.

लग्न झाले. मी गेलो नाही. म्हणजे जेवायला गेलो नाही. वाढायला माणसे कमी म्हणून काकूंनी बोलावले, नाही म्हणवेना. जिलबी वाढली. उरलेल्यांच्या पंगतीला बसलो, ते काही जेवण म्हणता येत नाही. मठ्ठा बरा होता.

२५ फेब्रुवारी. सकाळी.

पाठवणी. कुंदाने मोटारीत पाऊल टाकायला साफ नकार दिला. "बाबा, नव्या घरी लिंबू हुंगत जाऊ का?" वऱ्हाड रेल्वेने गेले. मोटारीत मागे तिच्या गाद्या आणि पुढे तांब्यापितळेची भांडी, अकोल्याला पोचवायची. मी आपण होऊन म्हणालो, मी जातो. नत्थुजीने नखशिखांत पाहिले. "काहून? तुमाले कोनं बलावलं?" मला तिच्यासमोर एकदा उभे राहायचे आहे. वाक्य तयार आहे: 'कुंदा, तू सुखी राहा. माझी काळजी करू नकोस.' पहिला अर्धा भाग खणखणीत म्हणायचा, दुसरा घोगरा.

पुढे परातींमुळे जागा नाही. मागे गाद्यांवर बसावे लागणार. बडनेऱ्यापर्यंत मन घट्ट. तिथून मूर्तिजापूरपर्यंत अश्रू. पुढे बोरगावपर्यंत चेहरा करारी करायचा.

२६ फेब्रुवारी. अमरावती.

बडनेऱ्यापर्यंतचे आठवते. तिच्या गाद्यांवर मांडी घातली होती, पाठीशी वळकटी. बसली होती मांडी, खरेच, एकदम छान बसली होती. अश्रूंची वाट पाहत होतो.

नंतर नत्थुजी खांदा गदागदा हलवत होता. "उठा ना हरीभाऊ! कवाचा भोंगा वाजवून राह्यलो, अर्धं अकोला गोया झालं, अन् तुमी घोरून राह्यले!"

डोळे उघडले. मोटार डॉक्टरच्या दारात. डॉक्टर, त्याची आई, शेजारपाजार, आणि हिरव्या चुड्याची कुंदा. मी राघूमैनेची उशी पोटाशी धरून मुटकुळे करून पडलो होतो. आई म्हणाल्या, "हा गादी घेऊन आलाय की गादीवर निजायला आलाय?" कुंदा म्हणाली, "आमचे हरिदादा आहेत. उठवू नका म्हणत होते मी, फार दमलेत माझ्या लग्नात." खरेच म्हणाली. थट्टा नव्हती त्यात.

मी वाक्यासाठी तोंड उघडले. निघाले ते, "मूर्तिजापूर आलं का?"

डॉक्टरने हात देऊन उतरवले. चहा दिला. माणूस चांगला आहे, हे लिहिताना त्रास होतो. गाद्या मीच आत नेऊन दिल्या. माजघरात कुठे ठेवू विचारले, तिने बोटाने जागा दाखवली.

परतताना मागे नुसती कंपनीची सीट होती. अकोल्यापासून अमरावतीपर्यंत डोळ्याला डोळा लागला नाही.