चिंचेखालचा हरभरा

बुधवार, मार्गशीर्ष, १९४४

अंग मोडून आलंय, पण हे कुठंतरी लिहायलाच हवं.

पलटणीत गेलेल्या धाकट्या भावाची बायको आजही चिंचेखाली केरसुणी घेऊन वाकलेली. गळलेला पाला रोज झाडून काढते, तरी तिथला हरभरा पिवळाच. मला पाहून म्हणाली, "दादा, सावलीनं व्हतंय का वं हे?" मी म्हटलं, "व्हय."

खोटं. माझ्या बांधावरच्या आंब्याची सावली काय कमी आहे? तिथं गवत माजतं. चिंचेच्या पाल्याचं पाणी मुरलं की जमिनीत तणसुद्धा धरत नाही, हे मी लहानपणापासून बघतोय. मग वाटणीच्या वेळी ठाऊक नव्हतं? होतं. म्हणूनच तो तुकडा त्याच्या वाट्याला घातला. वर झाडही दिलं म्हणून मोठेपणा घेतला.

आज त्याचं पत्र आलं. तिला वाचता येत नाही, मीच वाचून दाखवलं. शेवटी लिहिलंय, 'दादानं चिंच आपल्याला सोडली, त्याची जाण ठेव.'

तिनं केरसुणी खाली ठेवली. म्हणाली, "तेवढं परत वाचा की."

वाचलं.