धवल्यातली मोकळी जागा

गुरुवार, संध्याकाळ. पनवेल.

परवा शनिवारी सुमीची हळद आहे, आणि माझा गळा बसला तो बसलाच. ओवे गावापासून आपटा गावापर्यंत पोरींच्या लग्नात धवल्याची गाणी गायले, आता सख्ख्या नातीच्या लग्नात मुकी बसू काय? म्हणून सुमीनं काल माझ्याकडून कीबोर्डवर एका बोटानं चाल वाजवून घेतली. कॉम्प्युटरवर त्या चालीच्या बारक्या रेघा उमटल्या.

आज ऐकवली. सगळी घाईघाईत. दोन ओळींमधली मोकळी जागा मेलीनं काढूनच टाकलेली.

"आजे, तुला पट्टी सापडत नव्हती ना, म्हणून थांबलीस."

"गो बये, माझ्या मागून बाया ओळ म्हणतात. त्यांनी काय चालत्या एस्टीत चढायचं?"

हसली. माऊसनं रेघा पुढं ढकलून जागा केली. पण जागा किती ठेवायची, हे कसं सांगू? म्हटलं, तू वाजव, माझ्या मनातल्या बायांची ओळ म्हणून झाली की मी हात वर करीन, मग पुढची ओळ.

पहिली ओळ संपली आणि सुमीच मागून गायला लागली. नवरीनं आपला धवला गायचा नसतो. त्यात सूर वाकडा. एरवी टपली दिली असती.

तिची ओळ केव्हाच संपली. हात वर करायचा राहूनच गेला.